पोलादी निशाणावर गोळी आदळते तेव्हा

आपल्याकडच्या अनेक शाळांत घंटा म्हणून रेल्वेच्या रुळाचा हातभर लांब तुकडा टांगलेला असतो. शिपाईमामा लोखंडी गजाने त्यावर टोला देतात आणि अर्ध्या गावाला शाळा भरल्याचे कळते. विद्यार्थी मित्रांनो, मधल्या सुट्टीत परवानगी घेऊन एक प्रयोग करा. तो तुकडा दोघांनी चारही हातांनी घट्ट धरावा आणि तिसऱ्याने टोला द्यावा. 'टण्ण' ऐवजी 'ठप्प' असा आवाज येईल. तुकडा तोच, गज तोच, टोलाही तेवढाच. फक्त टांगण्याची पद्धत बदलली. ही गोष्ट ध्यानात ठेवा, तिच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

बंदुकीच्या लांब पल्ल्याच्या नेमबाजीत असाच पोलादाचा पत्रा टांगून त्यावर गोळी झाडण्याचा एक प्रकार आहे. तीनशे किंवा पाचशे मीटरवरच्या कागदाला पडलेले बोरूच्या टोकाएवढे भोक डोळ्यांना दिसत नाही, दुर्बिणीतूनही ते शोधावे लागते. पोलादी पत्रा मात्र वाजून सांगतो की नेम लागला. मेक्सिकोत या खेळाला प्राण्यांच्या आकृत्यांचे रूप मिळाले. २०० मीटरवर कोंबडी, ३०० वर रानडुक्कर, ३८५ वर टर्की नावाचा पक्षी आणि ५०० मीटरवर मेंढा, सारे पोलादी पत्र्यातून कापलेले. तेथे नुसती गोळी लागून भागत नाही, आकृती खाली पडली तरच गुण मिळतो. ऑलिंपिकमधली रायफल नेमबाजी निराळी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या निशाणाचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि गोळी नेमकी कोठे लागली हे विजेची यंत्रणा सांगते. पोलादी पत्र्याला एवढी बारीक भाषा येत नाही. 'लागली' आणि 'नाही लागली' हे दोनच शब्द त्याला ठाऊक.

आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याशिवाय कोणालाही रायफल बाळगता येत नाही, आणि ते योग्यच आहे. तरीही आपल्या भागाला हा विषय अगदीच परका नाही. नांदेड जिल्ह्यात मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे, तर लातूर जिल्ह्यात चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. आणि महाविद्यालयांतून राष्ट्रीय छात्रसेनेत, म्हणजे एन.सी.सी.त, जाणाऱ्या शेकडो मुलामुलींच्या हाती दरवर्षी काही वेळ का होईना रायफल येते. माझ्याही हाती ती अशीच आली.

१९९८ सालची गोष्ट. मी लातुरात पदवीच्या वर्गात शिकत होतो. हिवाळ्यातल्या शिबिरात आम्हाला चांदमारीला नेण्यात आले. (चांदमारी म्हणजे नेमबाजीच्या सरावाची जागा, गोल निशाणाला चांद म्हणत, त्यावरून हा शब्द पडला.) मातीच्या उंच बांधापुढे लाकडी चौकटींवर कागदी निशाणे लावलेली होती आणि पंचवीस मीटरवर सतरंजीवर पालथे पडून आम्ही पॉइंट टूटूच्या रायफली झाडत होतो. एका चौकटीचा पाय वाळवीने खाल्लेला होता. कोणीतरी त्याच्या जागी जवळच पडलेला लोखंडी अँगल ठोकून दिला होता. मोडलेली वस्तू हाताशी असेल त्याने दुरुस्त करणे हा आपला राष्ट्रीय गुणच आहे, त्यामुळे कोणाला त्यात वावगे दिसले नाही. माझ्या डावीकडच्या मित्राची चौथी की पाचवी गोळी असेल. कागद फाटल्याचा आवाज न येता 'टिंग' असा आवाज आला आणि पुढच्याच क्षणी तो 'आई गं!' म्हणून गालाला हात लावून उठून बसला. उस्तादांनी शिट्टी फुंकली, सगळ्यांच्या रायफली खाली ठेवायला लावल्या, मित्राचा गाल पाहिला आणि मग निशाणांकडे चालत जाऊन एवढेच विचारले, "ये अँगल किसने लगाया?" कोणी उत्तर दिले नाही.

डाव्या डोळ्याखाली, एक बोट अंतरावर, शिशाचा एक चपटा तुकडा रुतला होता. डॉक्टरांनी तो चिमट्याने काढला. मित्राने तो मला दिला, कारण भौतिकशास्त्राचे वेड वर्गात मला एकट्यालाच होते. हरभऱ्याच्या डाळीएवढा तो तुकडा मी प्रयोगशाळेतल्या तराजूत तोलला. वजन भरले ०.३ ग्रॅम. पुढे जाणारी गोळी मागे कशी आली? पंचवीस मीटर अंतर कापूनही तिच्या एका कणात कातडी फोडण्याइतका जोर कसा उरला? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे मला त्या दिवशी देता आली नाहीत. पोलादी निशाण कोणत्या पत्र्याचे करावे आणि कसे टांगावे, हे सारे त्याच दोन उत्तरांवर अवलंबून आहे.

प्रथम गोळीपाशी असते काय ते पाहू. पॉइंट टूटूची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची, म्हणजे ०.००२६ किलोग्रॅम, आणि तिचा वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. तो येतो ०.८६ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. हा काही फार मोठा आकडा नव्हे. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू सेकंदाला साडेपाच मीटरहून किंचित कमी वेगाने, म्हणजे लहान भावाला झेल शिकवताना टाकतो तितक्या हळू, टाकला तर त्याचाही संवेग एवढाच. आता गतिज ऊर्जा काढा. गोळीची ऊर्जा भरते १४२ ज्यूल, चेंडूची अवघी २.३ ज्यूल. संवेग सारखा, परंतु ऊर्जा साठ पटींहून अधिक! कारण उघड आहे. संवेगात वेग एकदाच येतो, ऊर्जेत त्याचा वर्ग येतो. म्हणून लहान आणि वेगवान वस्तू ऊर्जेने श्रीमंत आणि संवेगाने गरीब असते.

चित्रपटात गोळी लागलेला माणूस दहा फूट मागे उडतो तो याच हिशेबाच्या अज्ञानामुळे. असो.

आता लांब पल्ल्याची मोठी रायफल घेऊ. आपल्या सैन्यात आणि पोलिसांत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या ७.६२ मिलिमीटर रायफलची गोळी साधारण ९.५ ग्रॅमची असते. नळीतून निघताना तिचा वेग सेकंदाला ८४० मीटरच्या आसपास असतो. हवेच्या विरोधाने तो घटत जातो आणि ३०० मीटरवर सुमारे ६०० उरतो. समजा, तेथे आपण ४० सेंटिमीटर लांब, ३२ सेंटिमीटर रुंद आणि १ सेंटिमीटर जाड असा पोलादी पत्रा टांगला आहे. त्याचे वजन किती? पोलादाची घनता घनसेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम, म्हणजे पत्रा जवळजवळ बरोबर १० किलोग्रॅमचा. गोळीचा संवेग ०.००९५ × ६०० = ५.७. गोळी पत्र्यावर फुटून तिचे कण बाजूंना पांगले, तर पुढे जाण्याचा तिचा सगळा संवेग पत्र्याला मिळतो. १० किलोच्या पत्र्याला त्यामुळे वेग येतो सेकंदाला ०.५७ मीटर. पत्रा झोका घेतो आणि त्याची उंची जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर वाढते.

ऊर्जेचा हिशेब करताच गंमत दिसते. आदळताना गोळीची ऊर्जा १,७१० ज्यूल होती. झोका घेणाऱ्या पत्र्याकडे आली फक्त १.६ ज्यूल. म्हणजे हजारातला एक भागसुद्धा नाही! उरलेले १,७०८ ज्यूल गेले कोठे? पोलादी निशाणाचे सारे शास्त्र या एका प्रश्नात आहे.

या हिशेबाची पहिली बाजू, म्हणजे झोक्यावरून गोळीचा वेग ओळखणे, बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली आपल्या तोफशास्त्रावरच्या ग्रंथात मांडली. त्याने एक जड लंबक टांगला, त्यावर गोळी झाडली आणि लंबक किती मागे गेला ते मोजले. त्यापूर्वी गोळीचा वेग मोजण्याचे खात्रीचे साधनच नव्हते. हवेचा विरोध गोळीला किती छळतो हे त्यानेच प्रथम दाखवले. या रॉबिन्सचा शेवट आपल्याच देशात झाला. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला इथले किल्ले मजबूत करण्यासाठी बोलावले आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये तो तापाने वारला. अकरावी-बारावीत तुम्ही लंबकावर गोळी मारण्याचे जे उदाहरण सोडवता, ते मुळात त्याचे.

आता त्या १,७०८ ज्यूलचा शोध घेऊ. काही ऊर्जा उष्णता होते. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते. तीस अंशांवरचे एक किलो शिसे तापवून पूर्ण वितळवायला सुमारे ६२ किलोज्यूल लागतात. सेकंदाला ६०० मीटरने जाणाऱ्या एक किलो शिशाची गतिज ऊर्जा भरते १८० किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ तिप्पट. अर्थात सगळीच ऊर्जा उष्णता होत नाही आणि गोळीवर तांबूस धातूचे वेष्टणही असते. पण शिशाची काय अवस्था होत असेल ते यावरून कळावे. ते पोलादापुढे जवळजवळ पाण्यासारखे वागते. राहिलेली ऊर्जा या फुटलेल्या शिशाचे कण बाजूंना उधळण्यात जाते. ते कणही मोठ्या वेगाने निघतात.

शिसे पाण्यासारखे वागते असे म्हटले की एक सोपा हिशेब हाती येतो. नळाची जोरदार धार तळहातावर घ्या, तिचा दाब जाणवतो. धारेचा दाब म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. शिशाची घनता घनमीटरला ११,३४० किलोग्रॅम. ६०० मीटर वेग घातला की दाब येतो दर चौरस मिलिमीटरला २०८ किलोग्रॅम वजनाइतका. अंगठ्याच्या नखाच्या एका कोपऱ्यावर दोन क्विंटल ज्वारीची पोती उभी केल्यासारखे झाले!

पोलाद एवढा दाब सोसेल का? हे विचारण्याची पद्धत योहान ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्याने १९०० साली घालून दिली. दहा मिलिमीटर व्यासाची कठीण गोळी तीन हजार किलोग्रॅम भाराने पृष्ठभागावर दाबायची आणि पडलेल्या खळग्याचे क्षेत्रफळ मोजायचे. भार भागिले क्षेत्रफळ म्हणजे त्या धातूचा ब्रिनेल अंक. त्याचे एककही तेच, दर चौरस मिलिमीटरला किलोग्रॅम. म्हणजे आपले दोन आकडे सरळ शेजारी ठेवता येतात. दाराच्या जाळीसाठी किंवा शेडसाठी वापरतात त्या साध्या मऊ पोलादाचा अंक १२० ते १३०. निशाणांसाठी खास कठीण केलेल्या पोलादाचा ५०० च्या आसपास. गोळीचा दाब २०८. साधे पोलाद हरले, त्याला खळगा पडणारच. कठीण पोलाद जिंकले, त्यावर फक्त करडा डाग उठेल.

हा हिशेब ढोबळ आहे. टक्कर होण्याच्या अगदी पहिल्या क्षणी दाब याहून चढतो. तरीही तो व्यवहाराशी किती जुळतो पाहा. पॉइंट टूटूच्या ३३० मीटर वेगाला दाब येतो फक्त ६३. म्हणून तिच्यासाठी साधा जाड पत्राही टिकतो. ७.६२ ची गोळी नळीच्या तोंडाशीच पत्र्यावर आदळली तर दाब ४०८ होतो, ५०० च्या फार जवळ. म्हणून मोठ्या रायफलीचे पोलादी निशाण कधीही जवळ ठेवत नाहीत, निदान नव्वद-शंभर मीटर तरी दूर ठेवतात. आणि दाब ५०० व्हायला वेग हवा सेकंदाला ९३०. सेकंदाला ९०० मीटरच्या पुढच्या वेगाने कठीण पत्र्यालाही खड्डे पडतात, असा हे पत्रे बनवणाऱ्यांचा इशारा असतो. आमच्या वहीतल्या शाईने आलेला आकडा कारखान्याच्या अनुभवाच्या इतक्या जवळ यावा याचे मला दरवर्षी शिकवताना नव्याने कौतुक वाटते. मात्र गोळीच्या पोटात शिशाऐवजी पोलादी गाभा असेल तर हा सगळा हिशेब कोसळतो, कारण मग पाण्याशी नव्हे, टाकीशी गाठ असते.

पोलाद कठीण कसे करतात हे पाहायला कारखान्यात जाण्याची गरज नाही. आठवडी बाजारात घिसाडी कुऱ्हाडीला पाणी देताना पाहा. लोखंड लालभडक तापले की त्याच्या आत अणूंची रचना बदलते आणि कार्बनचे अणू तिच्यात सामावतात. सावकाश निवू दिले तर ते पुन्हा वेगळे होतात आणि लोखंड मऊ राहते. पाण्यात चटकन बुडवले तर त्यांना वेगळे व्हायला सवडच मिळत नाही; ते जागच्या जागी अडकतात आणि पोलाद कठीण होते. पण ते काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून त्याला पुन्हा बेताचे तापवून थोडा चिवटपणा परत आणतात. ही सगळी कमाई उष्णतेची, तशीच तिची गमावणीही उष्णतेनेच. कठीण पत्रा गॅसच्या ज्योतीने कापला किंवा त्याला कडी वेल्डिंगने जोडली, की त्या जागी पोलाद पुन्हा मऊ पडते. दिसायला पत्रा एकसारखा, पण कडीभोवती रुपयाएवढ्या जागेत खळगे पडू लागतात. अशी निशाणे पाण्याच्या अतिवेगवान धारेने कापतात ती यासाठीच.

आता खळगा पडला तर एवढे बिघडले काय, असे तुम्ही विचाराल. पत्रा कुरूप होईल, दुसरे काय? इथे मला तुम्हाला स्वयंपाकघरात न्यावे लागेल. नळाची धार बऱ्यापैकी मोठी सोडा आणि तिच्याखाली परात पालथी धरा. पाणी सपाट पाठीवर आदळून चारी बाजूंना पातळ चकतीसारखे पसरते. तुमच्याकडे, म्हणजे वर, जवळजवळ काहीच उडत नाही. आता परात काढून त्याच धारेखाली चमचा धरा, खोलगट बाजू वर करून. पाणी खोलगट भागाच्या कडेने वळते आणि सरळ वर, तुमच्या तोंडावर उडते. धार तीच. फक्त पृष्ठभागाचा आकार बदलला आणि धारेने दिशा उलटी केली.

सपाट कठीण पत्र्यावर शिशाचे तसेच होते. कण पत्र्याच्या पृष्ठभागालगत, वीसेक अंशांच्या आत, चकतीसारखे उधळतात. हे कण बाजूला उभ्या असलेल्याला घातक, पण समोरच्याकडे फारसे येत नाहीत. मऊ पत्र्याला खळगा पडला की त्याच खळग्यात पडणाऱ्या पुढच्या गोळीला चमचा मिळतो. म्हणूनच खळगे पडलेला पत्रा भंगारात टाकावा लागतो, कितीही जाड असो.

आणि अँगल? दोन आरसे काटकोनात उभे करून त्यांच्यात पाहिलेत तर तुमचे प्रतिबिंब कोठूनही तुमच्याचकडे पाहते, हे तुम्हाला ठाऊक आहे. काटकोनातल्या दोन पृष्ठभागांवर एकामागून एक आदळलेला किरण आल्या दिशेने परत जातो. चांदमारीवरच्या त्या अँगलची उघडी बाजू आमच्याकडे होती. गोळी त्याच्या एका पाखावर फुटली, शिसे पाखालगत कोपऱ्याकडे धावले, दुसऱ्या पाखाने त्याला वळवले आणि एक कण आल्या वाटेने परत गेला. शिसे हे काही प्रकाश नव्हे, त्यामुळे सगळेच कण परत आले नाहीत, बरेचसे इकडेतिकडे गेले. एक आला. मित्राने दिलेल्या तुकड्याला एका बाजूने गुळगुळीत बाक होता, तो त्या कोपऱ्याचाच ठसा होता, हे मला कळायला दोन वर्षे लागली.

आपल्या भागात आणखी एका वस्तूचा मोह पडण्यासारखा आहे. ट्रॅक्टरच्या नांगराचे जुने तवे. ते पोलाद खरेच कठीण असते, मध्ये टांगायला आयते भोक असते आणि ठोकले तर घंटेसारखे वाजतात. खेड्यात शाळेची घंटा म्हणून ते उत्तमच. निशाण म्हणून मात्र त्याहून वाईट वस्तू शोधून सापडणार नाही, कारण तो तवा म्हणजे भला मोठा चमचाच! उलटी बाजू पुढे केली तरी कण कोठे जातील याचा भरवसा नाही. पोलाद कोणते, या प्रश्नाइतकाच त्याचा आकार कोणता, हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि माझ्या मते तोच आधी विचारावा.

पत्रा टांगण्याचे शास्त्रही आता सोपे वाटेल. तो घट्ट आवळून बसवला, तर चार हातांनी धरलेल्या रुळासारखा मुका होतो. शिवाय प्रत्येक गोळीचा संवेग फार थोड्या वेळात खांबाला व खिळ्यांना सोसावा लागतो, आणि वेळ जितका कमी तितके बल जास्त. टांगलेला पत्रा झोका घेऊन तोच संवेग सावकाश खर्च करतो. टांगायला साखळी घेतली तर तिच्या कड्यांवर गोळी बसून कडीचे तुकडे उडतात, म्हणून रबरी पट्ट्याचे किंवा जाड कापडी नळीचे तुकडे वापरतात. बोल्टाचे डोके पत्र्यावर उठून राहिले तर तोही एक नको असलेला आकार होतो.

पत्रा वरच्या काठाला मागच्या बाजूने टांगायचा असतो. टांगण्याचा बिंदू पत्र्याच्या मागे आणि गुरुत्वमध्य त्याच्या पुढे, त्यामुळे गुरुत्वमध्य बिंदूच्या खाली येईपर्यंत पत्रा फिरतो. त्याचा खालचा काठ मागे जातो, वरचा पुढे झुकतो आणि पत्रा मान खाली घालून उभा राहतो. मग समोरच्या बाजूची उधळण जमिनीत जाते. कोणत्याही स्प्रिंगशिवाय हे काम गुरुत्वाकर्षण फुकट करून देते.

खांब मात्र आपल्याकडे त्रास देतो. लातूर-नांदेडच्या काळ्या मातीत कुंपणाचे खांब सरळ राहत नाहीत हे शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला सांगायला नको. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या फुगण्या-आक्रसण्यात खांब दरवर्षी थोडा कलतो. पत्रा तिरपा झाला की उधळणही तिरपी होते. म्हणून येथे रोवलेल्या खांबापेक्षा उचलून ठेवता येणारी तिपाई बरी, आणि तीही गोळीच्या वाटेबाहेर. मागे मातीचा बांध हवाच, कारण प्रत्येक नेम लागत नसतो. बांधासाठी मुरूम टाकण्याचा मोह होतो, पण मुरमातला प्रत्येक खडा हा एक छोटा पत्राच आहे. काळी माती बिनखड्यांची, गोळी गिळून टाकणारी, पण पहिल्या पावसात वाहून जाणारी. गोदावरीची किंवा मांजरेची चाळलेली वाळू पोत्यांत भरून रचावी हे उत्तम. वाळूचे लक्षावधी कण आपापसांत घासून गोळीची ऊर्जा वाटून घेतात आणि परत काहीच देत नाहीत.

जत्रेतल्या फुगेवाल्याला हे सारे पुस्तकाविना ठाऊक असते. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मी एकदा मुलांना घेऊन गेलो होतो. फुगे लावलेल्या फळीच्या मागे फुगेवाल्याने गोणपाट सैल सोडले होते. मी मुद्दाम विचारले, "दादा, गोणपाटापेक्षा पत्रा लावला तर टिकाऊ होईल की!" तो हसला. म्हणाला, "पत्रा लावला तं छर्रा माघारी येतो, गुरुजी. गोणपाटात जिरतो." छऱ्याचा वेग कमी, तेव्हा तो पत्र्यावर फुटतही नाही आणि वितळतही नाही, नुसता चपटा होऊन उलटतो. हळू येणारी गोळी पोलादावर निरुपद्रवी असते हा समज म्हणून चुकीचा आहे. हवेच्या बंदुकीने घरामागे पत्र्याच्या डब्यावर नेम धरणाऱ्यांनी गोणपाटवाल्याचे ऐकावे आणि डोळ्यांवर चष्मा लावावा. एन.सी.सी.त जाणाऱ्यांनी रायफल हाती घेण्यापूर्वी निशाणाच्या चौकटीकडे एक नजर टाकावी. तेथे लोखंड दिसले तर उस्तादांना सांगायला लाजू नये.

शेवटी एक उदाहरण घरी सोडवण्यासाठी. ३०० मीटरवरच्या आपल्या पत्र्यापर्यंत पोहोचायला गोळीला सुमारे ०.४३ सेकंद लागतात. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानाबरोबर वाढतो: ३३१ मध्ये तापमानाच्या अंशांची ०.६ पट मिळवा. ३५ अंशांच्या दुपारी तो होतो सेकंदाला ३५२ मीटर. तेव्हा पत्र्याची 'टण्ण' परत यायला ०.८५ सेकंद, आणि बंदूक झाडणाऱ्याला ती ऐकू येते एकूण १.२८ सेकंदांनी. आता समजा, बंदूक आणि पत्रा यांना जोडणाऱ्या रेषेवर एका जागी ध्वनिग्राहक ठेवला आहे आणि त्याला बंदुकीचा बार व पत्र्याचा टोला एकाच क्षणी ऐकू येतात. गोळीच्या स्वतःच्या ध्वनिधक्क्याचा विचार सोडून द्या. तो ध्वनिग्राहक बंदुकीपासून किती अंतरावर आहे? (उत्तर: सुमारे २२६ मीटर.)